भाजलेल्यांवरील उपचार आणि मुक्या जिवांचे ऋण

१२ सप्टेंबर २०२४ रोजी रोह्यानजीकच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत, एका रासायनिक कारखान्याच्या साठवण टाकीपाशी वेल्डिंगचे काम चालू असताना स्फोट झाला आणि तीन कामगारांना प्राण गमवावे लागले. त्यापूर्वी सुमारे दहा महिने, ३ नोव्हेंबर २०२३ रोजी, याच रायगड जिल्ह्यातील महाडच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट व आग यांनी अकरा जणांचा बळी घेतला होता. आणखी मागे गेल्यास रोहे तालुक्यातील नागोठणे येथील गॅस क्रॅकर प्रकल्पातला ५ नोव्हेंबर १९९० चा स्फोट आठवतो. त्यात तीसहून अधिक माणसे दगावली. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर चौकशीची घोषणा होते, नुकसानभरपाईचे आकडे प्रसिद्ध होतात आणि काही दिवसांनी सारे शांत होते. मृतांची नोंद राहते. जे भाजून जगले, किंवा जगवता आले असते, त्यांच्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

भाजण्याचा प्रश्न कारखान्यांपुरता मर्यादित नाही. स्वयंपाकघरातला भडका, उकळत्या पाण्याचे उलटलेले पातेले, दिवाळीचे फटाके, विजेचा धक्का यांनी भाजणारी माणसे कितीतरी अधिक आहेत, आणि त्यांत स्त्रिया व लहान मुले यांचा भरणा मोठा आहे. केंद्र सरकारच्या भाजण्याविषयीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मांडलेल्या अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे ७० लाख लोक भाजतात आणि सुमारे १ लाख ४० हजार मरण पावतात. या रुग्णांवर आज जे उपचार होतात, ते आले कोठून? शिरेतून द्यायच्या सलाइनचे प्रमाण कोणी ठरवले, जखमेवरच्या मलमाची परीक्षा कशावर झाली, पाणी किती वेळ ओतावे हे कसे समजले? या प्रश्नांची उत्तरे शोधू गेल्यास प्रयोगशाळेतील उंदीर, कुत्रे आणि डुकरे यांच्यापाशी येऊन थांबावे लागते. या मुक्या जिवांनी काय दिले, ते कितपत विश्वासार्ह आहे आणि ते पेण-रोह्याच्या माणसापर्यंत पोहोचते की नाही, याचा हिशेब एकदा मांडणे आवश्यक आहे.

प्रतिमान म्हणजे काय?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला 'प्रतिमान' ही कल्पना नवी नाही. वास्तव जग गुंतागुंतीचे असते, म्हणून त्यातील दोन-तीन घटक निवडून बाकीचे स्थिर आहेत असे मानायचे आणि मग एकाच्या बदलाने दुसऱ्यात काय बदल होतो ते पाहायचे, ही त्या शास्त्राची रीत. 'इतर परिस्थिती कायम असताना' ही अट प्रत्येक सिद्धांताच्या उंबरठ्यावर उभी असते. वैद्यकातील प्राणि-प्रतिमान हे तत्त्वतः याहून वेगळे नाही. भाजून आलेली दोन माणसे कधीच सारखी नसतात. एकाचे वय वीस असते, दुसऱ्याचे साठ. एक वाफेने भाजलेला असतो, दुसरा आम्लाने. एकाला मधुमेह असतो, दुसरा उपाशी असतो. अशा विषम रुग्णांवरून औषधाचा परिणाम ताडणे कठीण जाते. म्हणून एकाच जातीचे, एकाच वयाचे, एकच आहार घेणारे उंदीर निवडायचे, त्यांना भूल द्यायची आणि ठरावीक आकाराची, ठरावीक खोलीची भाजल्याची जखम निर्माण करून तिचा अभ्यास करायचा, अशी ही पद्धत आहे.

अमेरिकेत सॅन अँटोनिओ येथील लष्करी शल्यसंशोधन केंद्रातील वॉकर आणि मेसन या संशोधकांनी १९६८ मध्ये या पद्धतीला प्रमाणबद्ध रूप दिले. भूल दिलेल्या उंदराच्या पाठीचा मोजून आखलेला भाग साच्याच्या साहाय्याने उकळत्या पाण्यात काही सेकंद धरला की, प्रत्येक वेळी जवळजवळ तेवढीच आणि तशीच जखम होते, हे त्यांनी दाखवले. वाचतानाही अंगावर काटा येईल अशी ही कृती आहे. तरीही तिच्यामुळेच जगातील निरनिराळ्या प्रयोगशाळांतील निष्कर्षांची एकमेकांशी तुलना करणे शक्य झाले, हे नाकारता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धातील अमानुष प्रयोगांनंतर १९४७ मध्ये जी न्यूरेंबर्ग संहिता निर्माण झाली, तिनेही माणसावरील प्रयोगाला प्राण्यांवरील प्रयोगांचा आधार असावा, असा दंडक घातला. माणसाला गिनिपिग होण्यापासून वाचवण्यासाठी प्राण्याला पुढे केले गेले, असा याचा सरळ अर्थ होतो.

जमेची बाजू

या प्रयोगांतून हाती काय आले? पहिले उदाहरण सलाइनचे. मोठ्या प्रमाणावर भाजलेला माणूस पहिल्या एक-दोन दिवसांत बहुधा जखमेने मरत नाही. रक्तवाहिन्यांतील द्रव भोवतालच्या ऊतींत झिरपून रक्ताभिसरण कोसळते, म्हणून तो मरतो. अमेरिकेतील डॅलस येथील पार्कलँड रुग्णालयाचे चार्ल्स बॅक्स्टर यांनी कुत्र्यांवरील प्रयोग आणि रुग्णांवरील निरीक्षणे यांच्या आधारे १९६८ च्या सुमारास एक सूत्र मांडले. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे आणि भाजलेल्या दर टक्क्यामागे ४ मिलिलिटर द्रव पहिल्या २४ तासांत द्यावा आणि त्यातील निम्मा पहिल्या ८ तासांत द्यावा, असे ते सूत्र आहे. ६० किलो वजनाचा कामगार ४० टक्के भाजला, तर हा हिशेब ९,६०० मिलिलिटर होतो. म्हणजे पहिल्या आठ तासांत सुमारे पावणेपाच लिटर. अलीकडे सुरुवात २ ते ४ मिलिलिटरच्या दरम्यान करून लघवीच्या प्रमाणानुसार बदल करण्याकडे कल आहे. तरीही हिशेबाचा मूळ सांगाडा तोच राहिला आहे. यात ध्यानात घेण्याजोगा मुद्दा असा की, आठ तासांची मोजणी रुग्ण भाजल्याच्या क्षणापासून सुरू होते. रुग्णालयात दाखल झाल्याची वेळ येथे लागू पडत नाही.

दुसरे उदाहरण जंतुसंसर्गाचे. पहिले दिवस निभावले तरी पुढे स्यूडोमोनाससारख्या जंतूंनी भाजलेले रुग्ण दगावत असत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील चार्ल्स फॉक्स यांनी चांदी आणि सल्फा औषध यांच्या संयोगातून सिल्व्हर सल्फाडायझिन तयार केले. भाजलेल्या आणि मुद्दाम जंतुसंसर्ग घडवलेल्या उंदरांवर ते तपासून १९६८ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते पांढरे मलम भारतातील लहानमोठ्या दवाखान्यांत कित्येक दशके वापरले गेले आहे.

तिसरे उदाहरण सर्वांत साधे आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाचे आहे. भाजल्यावर थंड पाणी ओतावे हे लोकांना पूर्वीपासून ठाऊक होते. ते किती वेळ ओतावे आणि किती उशिरापर्यंत त्याचा उपयोग होतो, हे मात्र निश्चित नव्हते. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून वेगवेगळ्या कालावधींची तुलना केली. वीस मिनिटे वाहते थंड पाणी हा सर्वांत उपयुक्त उपचार ठरला. पुढे त्याच क्वीन्सलँड प्रांतातील २,४९५ भाजलेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांना असे पाणी मिळाले होते, त्यांच्यात त्वचारोपणाची गरज लक्षणीय प्रमाणात कमी आढळली. डुकरावरील निष्कर्ष माणसाच्या मुलांत खरा ठरला. ज्या उपचाराला औषधकंपनी लागत नाही, पेटंट लागत नाही आणि ज्याची किंमत नळाच्या पाण्याइतकी आहे, तो उपचार अशा रीतीने सिद्ध झाला.

प्रतिमानाच्या मर्यादा

जमेच्या बाजूबरोबर खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. उंदराची कातडी सैल असते आणि तिच्याखाली स्नायूंचा एक पातळ थर असतो. त्यामुळे उंदराची जखम मुख्यतः कडा आक्रसून मिटते. माणसाची त्वचा खालच्या ऊतींना घट्ट चिकटलेली असते. तिच्यात जखमेच्या तळातून नवी ऊती भरून येते आणि वरून नवी त्वचा सरकत येते. एखाद्या मलमाने उंदराची जखम लवकर मिटली, तर ते मलम आक्रसण्याला मदत करणारे आहे की त्वचा वाढवणारे, हे त्यातून कळत नाही. भाजलेल्या माणसाच्या बाबतीत तर आक्रसणे हाच पुढचा मोठा शत्रू असतो. मान छातीला चिकटते, बोटे आखडतात, कोपर सरळ होत नाही. उंदराच्या दृष्टीने जी सोय, तीच माणसाच्या दृष्टीने व्यंग ठरते. डुकराची त्वचा जाडी, विरळ केस आणि चिकटलेपणा या बाबतींत माणसाच्या त्वचेला बरीच जवळची आहे. परंतु डुकरे पाळणे खर्चाचे असते, म्हणून बहुसंख्य प्रयोग उंदरांवरच होत राहतात. स्वस्त साधन उपलब्ध असले की योग्य साधनाचा विचार मागे पडतो, हा बाजाराचा नियम प्रयोगशाळेलाही सुटलेला नाही.

या फरकाची किंमत किती, याचा एक अंदाज २००१ मधील एका आढाव्यात मिळतो. जखमांवरील अनेक उपचारांचे प्राण्यांतील व माणसांतील निष्कर्ष त्यात पडताळून पाहिले गेले. डुकरांवरील निष्कर्ष माणसांशी ७८ टक्के वेळा जुळले. उंदरासारख्या लहान प्राण्यांवरील निष्कर्ष मात्र ५३ टक्केच जुळले. ५३ टक्के म्हणजे नाणे उडवून मिळणाऱ्या उत्तरापेक्षा थोडेसेच बरे. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांच्या एका मोठ्या गटाने गंभीर भाजलेल्या व जखमी झालेल्या शेकडो माणसांतील जनुकांचे वर्तन उंदरांतील वर्तनाशी ताडून पाहिले आणि त्यांत जवळजवळ काहीच साम्य नाही, असा निर्वाळा दिला. मोठी खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी दोन जपानी संशोधकांनी तीच आकडेवारी घेऊन, पण गणिताची पद्धत बदलून, साम्य भरपूर आहे असे दाखवले. आकडे तेच आणि निष्कर्ष परस्परविरुद्ध, हे अर्थशास्त्राच्या वाचकाला अगदीच अपरिचित नाही. आकड्यांना कोणता प्रश्न विचारला, यावर त्यांचे उत्तर अवलंबून असते.

सिल्व्हर सल्फाडायझिनचेही असेच झाले. जंतुसंसर्ग झालेला उंदीर वाचतो का, या प्रश्नाचे उत्तर उंदराने अचूक दिले होते. वरवर भाजलेल्या माणसाची जखम त्या मलमाने लवकर भरते का, हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. माणसांवरील चाचण्या पुढे एकत्र करून पाहिल्या गेल्या, तेव्हा अशा जखमा या मलमाने उलट उशिरा भरतात असे दिसून आले. यात उंदराचा दोष नाही. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवणाऱ्यांचा तो दोष आहे.

महाराष्ट्राची वाट

या संदर्भात महाराष्ट्रातील डॉक्टरांनी जी वेगळी वाट चोखाळली, तिची दखल घेणे अगत्याचे आहे. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातील डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्टीचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. साल जखमेवर ओलावा टिकवते आणि बदलताना चिकटत नाही, हा तिचा गुण. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये १०४ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना मध आणि निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन अशी ती तुलना होती, आणि तीत मधाची बाजू सरस ठरली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानाची निर्जंतुक पट्टी तयार केली. बटाट्याच्या सालीइतकीच ती गुणकारी आणि तिच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे, असे त्यांनी २००३ मध्ये दाखवले. याच रुग्णालयात २००० साली त्वचापेढीही सुरू झाली.

बटाट्याची साल, मध आणि केळीचे पान हे पदार्थ मुळातच निरुपद्रवी असल्यामुळे त्यांची परीक्षा थेट रुग्णांच्या खाटेपाशी घेता आली. परदेशी पट्टी गरीब रुग्णाला परवडत नाही, ही अडचण उंदराच्या पिंजऱ्यात कधीच उद्भवत नाही. ती रुग्णालयातच दिसते आणि तिचे उत्तरही तेथेच सापडते. अर्थात हुरळून जाण्याचे कारण नाही. मधाच्या बाजूचा पुरावा मोजक्याच चाचण्यांवर उभा आहे. केळीचे पान गुणकारी ठरले, ते रुग्णालयात निर्जंतुक केलेले पान होय. परसातले पान तोडून जखमेवर बांधणे म्हणजे संसर्गाला आमंत्रण देणे ठरेल.

रायगड जिल्ह्यापुरते पाहायचे, तर या वाटेचे सर्वांत बोलके उदाहरण भाजण्याच्या क्षेत्राबाहेरचे आहे. महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणाऱ्या रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकात आली. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध अशा रुग्णांना वाचवते, हे १९८६ मध्ये त्यांनी त्याच नियतकालिकात मांडले. कोकणातील असंख्य मुले त्यामुळे जगली. पुढे विंचूदंशावरील प्रतिविषाची जोड या औषधाला मिळाली, आणि ते प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. म्हणजे खाटेपाशी केलेले निरीक्षण आणि प्राण्यांकडून मिळालेले साधन यांत मुळात वैर नाही. प्रत्येकाने आपल्या जागी आपले काम केले पाहिजे, एवढाच याचा मथितार्थ.

कायदा आणि करुणा

पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. जीवदयेचा विचार ज्या मातीला परका नाही, तेथे प्राण्यांच्या वेदनेचा प्रश्न केवळ उपयुक्ततेच्या तराजूत टाकून मिटणार नाही. भारतीय कायद्यानेही तो तसा मिटवलेला नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम प्रयोगांना मुभा देतो. परंतु शक्य असेल तेथे प्रयोग टाळावेत, भूल द्यावी आणि देखरेखीसाठी समिती असावी, असे बंधनही तो घालतो. १९९८ च्या नियमांनी ही देखरेख अधिक काटेकोर केली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सजीवांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर २०१४ मध्ये बंदी आली. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींसारख्या पर्यायी पद्धतींना मान्यता मिळाली.

रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच या विषयाची त्रिसूत्री सांगून ठेवली होती. प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरता येते का ते पाहावे, प्राण्यांची संख्या कमी करावी आणि त्यांची वेदना कमी करावी. ही त्रिसूत्री केवळ दयेची नाही. ती काटकसरीचीही आहे. सदोष आखणीचा प्रयोग, आधीच कोणीतरी केलेल्या प्रयोगाची पदवीपुरती पुनरावृत्ती, किंवा प्रतिकूल निष्कर्ष आला म्हणून दडवून ठेवलेला प्रयोग, यांत प्राण्याची वेदना खर्ची पडते आणि ज्ञानाच्या खात्यात काहीच जमा होत नाही. असा प्रयोग कायद्याच्या चौकटीत बसला तरी तो उधळपट्टीच होय, आणि ज्याच्या देहाची उधळपट्टी झाली, त्याला तक्रार करण्याची सोय नाही.

हिशेबाचे शेवटचे पान

मात्र याहूनही मोठी एक उधळपट्टी आहे आणि तिची चर्चा प्राणिमित्र करत नाहीत, संशोधकही करत नाहीत. सिद्ध झालेले ज्ञान न वापरणे, ही ती उधळपट्टी होय. ज्ञान ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत सार्वजनिक वस्तू आहे. एकाने वापरल्याने ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही. परंतु ती आपोआप सर्वत्र पोहोचत नाही. पोहोचवण्याला खर्च येतो, आणि तो खर्च कोणी करायचा हे ठरलेले नसते.

पेण आणि रोह्याच्या दृष्टीने हा प्रश्न पाहावा. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णाला तज्ज्ञ शल्यविशारद आणि त्वचापेढी यांच्यासाठी बहुधा ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर किंवा मुंबईतील मोठे रुग्णालय गाठावे लागते. रोह्याहून ऐरोली शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. वाट मुंबई-गोवा महामार्गाची, ज्याच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू होऊन वर्षानुवर्षे रेंगाळले. बॅक्स्टरच्या सूत्रातील आठ तासांचे घड्याळ या रस्त्यावर थांबत नाही. चार तास सलाइनविना गेले, तर पावणेपाच लिटरचा हिशेब उरलेल्या चार तासांत भरून काढावा लागतो आणि तोवर मूत्रपिंडांची हानी सुरू झालेली असते. प्रयोगशाळेत इतर परिस्थिती कायम असते. रोह्याच्या रस्त्यावर ती कधीच कायम नसते. रुग्णवाहिका येण्यास किती वेळ लागला, वाटेत वाहतूक किती तुंबली, पहिल्या दवाखान्यात शीर सापडली की नाही, यांवर जे अवलंबून आहे, त्याचे उत्तर कोणत्याही उंदराने दिलेले नाही आणि तो देऊही शकणार नाही.

मग करावे काय? पहिली गोष्ट पाण्याची. धाटावच्या कारखान्यांत, पेणच्या व रोह्याच्या शाळांत आणि घराघरांत वीस मिनिटे वाहत्या पाण्याचा नियम पाठ झाला पाहिजे. आजही भाजलेल्या जागी टूथपेस्ट, शाई, हळद वा तूप चोपडले जाते आणि मोलाची पहिली मिनिटे वाया जातात. बर्फ लावू नये. मोठ्या भाजण्यात उरलेले अंग उबदार पांघरुणात ठेवावे. रसायनाने भाजल्यास दूषित कपडे तत्काळ काढून पाणी अधिक काळ चालू ठेवावे. एवढे शिकवण्यास तज्ज्ञ लागत नाही. विज्ञानाच्या एका तासिकेत ते शिकवता येते, आणि शिक्षकांनी मनावर घेतले तर एका वर्षात दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक घरी ते पोहोचू शकते.

दुसरी गोष्ट वेळेच्या नोंदीची. भाजलेल्या कामगाराला पाठवताना त्याच्याबरोबर जाणाऱ्या कागदावर भाजल्याची वेळ ठळकपणे लिहिलेली असावी आणि जवळच्या रुग्णालयात पहिली सलाइन लागल्याखेरीज, शक्यतो, त्याला लांबच्या प्रवासाला धाडू नये. कारखान्यांच्या व्यवस्थापनाने, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांनी आणि उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांनी एकत्र बसून ठरवण्याची ही बाब आहे. तिला फार मोठा निधी लागत नाही. तिसरी गोष्ट त्वचादानाची. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घेतलेली त्वचा ग्लिसरॉलमध्ये दीर्घकाळ टिकते आणि दुसऱ्याच्या उघड्या जखमेचे तात्पुरते आवरण बनते. नेत्रदानाचे महत्त्व महाराष्ट्राने ओळखले, त्वचादानाचे अजून पुरतेपणी ओळखलेले नाही. चौथी गोष्ट आकडेवारीची. कोण, कोठे, कशाने भाजले, किती वेळात पाणी व सलाइन मिळाली आणि पुढे त्याचे काय झाले, याची तालुकावार नोंदवही ठेवली गेली, तर पाच वर्षांत तिच्यातून जे शिकता येईल, ते हजार उंदरांकडूनही शिकता येणार नाही. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या हातून हे काम सहज होण्याजोगे आहे.

प्राण्यांवरील प्रयोग चालू ठेवावेत की थांबवावेत, हा वाद पुढेही चालेल आणि तो चालावा. पर्यायी साधने जसजशी पक्की होतील, तसतसे पिंजरे रिकामे होत जावेत, अशी इच्छा प्रत्येक सुज्ञ माणूस करील. परंतु जे प्रयोग होऊन गेले, त्यांचे ऋण शिल्लक आहे. ते जीव आता परत येणार नाहीत. त्यांनी दिलेले ज्ञान मात्र ग्रंथालयांत पडून आहे आणि धाटावच्या कामगाराला त्यातील वीस मिनिटांचे पाणीदेखील खात्रीने मिळत नाही. ऋण काढून आणलेले धान्य कोठारात कुजू देणाऱ्या शेतकऱ्याला शहाणा म्हणत नाहीत. प्राण्यांवर दया करण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी आणि विज्ञानाचा पुरस्कार करणाऱ्यांनी निदान एवढ्या मुद्द्यावर एकत्र यावे, की मुक्या जिवांच्या वेदनेतून जे कळले, ते भाजलेल्या माणसापर्यंत वेळेत पोहोचेल. तसे झाले नाही, तर त्या वेदनेचे समर्थन करण्याचा अधिकार समाजाला उरणार नाही.